टेबलावरचे शाप

1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाजारात आणला. त्यालाही पन्नास वर्षं उलटून गेली. आमच्या शिवाजी पार्कातल्या टेबलावर तो बराच उशिरा आला, 2014 मध्ये त्याची पाचवी आवृत्ती निघाली त्यानंतर. केळुस्कर रोडवरच्या एका जुन्या इमारतीत, दिवाणखान्यातलं जेवणाचं टेबल मोकळं करून आम्ही बसायचो आणि अजूनही बसतो. खेळ माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. चार-पाच जण, प्रत्येकाचं एक पात्र. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण डीएम, म्हणजे गोष्ट पुढे नेणारा. तो प्रसंग मांडतो, खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जिथे यश-अपयश अधांतरी असेल तिथे वीस बाजूंचा फासा निकाल देतो. आमच्याकडे डीएम मी आहे. या सगळ्या काळात मी सर्वांत जास्त विचार कशाचा केला असेल, तर शापांचा.

सुरुवातीच्या वर्षांत या खेळातला शाप म्हणजे फसवणूक होती. 1979 मध्ये गायगॅक्सने डीएमसाठी जे जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यात शापित वस्तूंची रेलचेल आहे. गळ्यात घातला की आवळत जाणारा हार. हात घालणाऱ्याला गिळू पाहणारी थैली. लढाई ऐन भरात आली की मालकाला नाचायला लावणारे बूट. वस्तू दिसायला चांगली, हातात घेतली की अडकलात. खेळाडूने काही चूक केलेली नसते. कोणाचा अपमान नाही, कोणाचा विश्वासघात नाही. पेटी उघडली आणि भोगा! मला या शापांत कधी रस वाटला नाही. ज्याच्यामागे अपराध नाही आणि ज्याच्यापुढे वाट नाही, त्या शापाला गोष्ट नसते.

पुढे दुसरं टोक आलं. शाप उतरवण्याचा मंत्र खेळात पहिल्यापासून होता. आम्ही खेळायला लागलो त्या आवृत्तीत पुरोहित पाचव्या पातळीला पोचला की तो मंत्र त्याच्या हाताशी येतो. हात ठेवला, मंत्र म्हटला, शाप गेला. डोकेदुखीची गोळी घ्यावी तसं. त्याच आवृत्तीतल्या राक्षसाचं उदाहरण बघा. हा राक्षस आपल्याच पुराणांतून तिकडे गेलेला. तिथे त्याला वाघाचं डोकं आणि उलटे तळवे मिळाले. त्याच्या नखांचा ओरखडा लागला की झोपेत भयंकर दृश्यं दिसत राहतात आणि कितीही विश्रांती घेतली तरी अंगाला लागत नाही. काय सुंदर शाप आहे! दिवसागणिक खंगत जाणारा वीर, त्याला सांभाळत नेणारे सोबती, कितीतरी गोष्टी त्यातून निघाल्या असत्या. आमच्या टेबलावर पुरोहिताने दुसऱ्याच सकाळी तो उतरवला आणि मंडळी न्याहारीला लागली.

या खेळाच्या इतिहासात शापाला खरी उंची आली ती ‘रेव्हनलॉफ्ट’मुळे. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या नवरा-बायकोने 1983 मध्ये ही मोहीम लिहिली. भावाच्या वाग्दत्त वधूवर डोळा ठेवून भावाचा खून करणारा स्ट्राड, त्याचा रक्तपिपासू जन्म, आणि धुक्याने वेढलेला मुलूख. आपल्याच राज्यात तो कैदी आहे. हा शाप कोणा चेटकिणीने दिलेला नाही, त्याच्या कर्मानेच ओढवला आहे. 2016 मध्ये ही मोहीम नव्याने आली आणि आम्हीही ती खेळलो. मग 2021 मध्ये याच धुक्याच्या जगावर एक मार्गदर्शक पुस्तक निघालं. त्यात शाप कसा रचावा हे तीन भागांत सांगितलं आहे: तो उच्चारला जातो, त्याचा भोग असतो आणि त्यातून सुटण्याची अट असते. ते पान वाचलं तेव्हा मी अक्षरशः उठून उभी राहिले. शापवाणी, भोग, उःशाप. आजीच्या मांडीवर ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीची हीच बांधणी, आणि या खेळाला तिथवर यायला जवळपास अर्धं शतक लागलं.

त्याआधीच आमच्या टेबलाने आपली वाट धरली होती. त्याचं श्रेय दुर्वासाला. महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत दुर्वासाचा शाप नाही. तो कालिदासाने घातला. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल मराठी रंगभूमीवर आणलं, त्यामुळे आपल्याकडे तो घरोघरी माहीत झाला. त्या शापाची रचना नीट पाहा. अपराध शकुंतलेचा, तोही एवढाच की विचारांत हरवून तिने अतिथीकडे लक्ष दिलं नाही. विसर पडतो दुष्यंताला. शाप ऐकला आहे अनसूया आणि प्रियंवदेने. जिला तो भोगायचा आहे तिला त्याचा पत्ताच नाही. खेळ रचणाऱ्याला याहून चांगला नमुना कुठे मिळणार?

मी तो जसाच्या तसा उचलला. आमच्यातल्या एकीचं पात्र धनुर्धर होतं आणि तिचं दूरदेशीच्या एका राजपुत्राशी लग्न ठरलं होतं. वेशीवर एक भणंग म्हातारा पाणी मागत होता. ती नकाशात डोकं घालून पुढे निघून गेली. सत्र थांबवून मी बाकीच्या दोघींना गॅलरीत नेलं आणि म्हाताऱ्याचे शब्द फक्त त्यांना सांगितले: जिच्या मनात तो आहे, तिला तो ओळखणार नाही, खुणेची वस्तू दिसली तरच आठवेल. पुढच्या कितीतरी बैठकांत त्या दोघी तिच्या बोटातल्या अंगठीला जपत राहिल्या. नदी ओलांडताना ‘अंगठी माझ्याकडे दे’ म्हणत, चोरांच्या वस्तीत तिच्या आजूबाजूला चालत. तिला वाटायचं, यांना झालंय तरी काय. शेवटी दरबारात राजपुत्राने परक्यासारखं पाहिलं, तेव्हा ती पात्राच्या आवाजात बोलायचं विसरून आपल्याच आवाजात म्हणाली, ‘असं कसं?’ अंगठी दोन बैठकांपूर्वीच एका नावाड्याच्या हाती गेली होती. तिथून पुढची सगळी मोहीम त्या अंगठीच्या शोधाची झाली. ती मी आखलेली नव्हती. शापानेच ती उभी केली.

मग आम्ही एकेक शाप घेऊन पाहिला. कर्णाचा शाप अवघड निघाला. ऐन गरजेच्या क्षणी विद्या आठवणार नाही, हे खेळाडूला आधी सांगितलं तर तो त्या विद्येवर विसंबतच नाही, आणि न सांगितलं तर डीएमने दगा दिल्यासारखं वाटतं. उर्वशीने अर्जुनाला दिलेला शाप मात्र फार कामाचा. इंद्राने त्याची मुदत एका वर्षावर आणली आणि, प्रचलित कथेत तरी, ते वर्ष कधी भोगायचं हे अर्जुनावर सोडलं. अज्ञातवासात तोच शाप बृहन्नडेचं रूप होऊन कामी आला. मुदत ठरलेली, वेळ खेळाडूच्या हातात. हा नियम मी आता बहुतेक शापांना लावते. लोककथेतल्या नल-नीलांनाही असाच कामी येणारा शाप होता, की त्यांनी पाण्यात टाकलेलं काही बुडणार नाही. त्यावर सेतू झाला. आणि वेताळ! उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शंभर शकलं, बोललास तर मी परत झाडावर. ‘चांदोबा’ वाचून वाढलेल्या कोणालाही हे समजवावं लागत नाही. टेबलावर मी कूटप्रश्न टाकला की पहिली काही मिनिटं कोणी कोणाकडे पाहत नाही, कारण कोणाला उत्तर सुचलंय हे चेहऱ्यावर दिसतं. 2020 च्या टाळेबंदीत आम्ही स्क्रीनवर खेळलो तेव्हा हाच शाप पार फसला. माइक बंद आहे की माणूस गप्प आहे, कळेना!

आमच्या दारापासून फार लांब नसलेला एक शाप मात्र माझ्या सगळ्यात जवळचा आहे. परळला सापडलेला शिलाहार राजा अपरादित्याचा बाराव्या शतकातला शिलालेख. दानाचा मजकूर संस्कृतात, आणि शेवटी हे शासन मोडणाऱ्याला दिलेला शाप मराठीत, कारण तो गावातल्या प्रत्येकाला कळायला हवा होता. कोकणात आणि मुंबईच्या आसपास असे दगड बरेच आहेत. वर सूर्य-चंद्र, मध्ये लेख, खाली गाढव आणि स्त्री. म्हणून त्यांना गधेगाळ म्हणतात. पोलीस नाहीत, कचेरी नाही, तेव्हा दिलेल्या जमिनीची राखण हा शाप करत होता. माझ्या मोहिमेत असा दगड एका पडीक शेताच्या बांधावर उभा आहे. शेत बळकावणाऱ्या सरदाराला तो शाप लागू झालाय, आणि सरदार तर खेळाडूंचा आश्रयदाता. शाप उतरवायचा तर जमीन परत द्यायला लावायची. मंत्र चालत नाही. त्या दगडाचं चित्र काढताना खालचा भाग मी घेतला नाही. कोणाच्या आईची विटंबना हा त्या काळच्या धमकीचा भाग होता. आज माझ्या टेबलावर ती नको, आणि या बाबतीत मी कोणाशी चर्चाही करत नाही.

अशा मर्यादा पाळाव्याच लागतात. आपल्याकडे शाप हा निव्वळ गोष्टीतला विषय नाही. ‘तळतळाट लागेल’ हे वाक्य अजूनही घराघरांत भीतीने ऐकलं जातं, करणी-भानामतीच्या नावाखाली माणसांचा छळ होतो, आणि त्याविरुद्ध 2013 मध्ये महाराष्ट्राला कायदा करावा लागला. अमेरिकेतही 1980 च्या दशकात हा खेळ सैतानी असल्याची ओरड झाली होती. आमच्याकडे एका मुलाच्या आईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ‘शाप-बिप काय प्रकार आहे हा?’ मी त्यांना खुर्ची दिली आणि एक पूर्ण सत्र बघायला लावलं. आमचा नियम तेव्हापासूनचा: शाप पात्राला, माणसाला कधीच नाही. आजारपण, वांझपण, मुलाबाळांवरचा शाप टेबलावर येत नाही. खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकाला विचारायचं, तुला काय नको आहे. परदेशी पुस्तकांनीही अलीकडे हा भाग गंभीरपणे घेतला आहे. ‘रेव्हनलॉफ्ट’मधल्या भटक्या विस्तानी लोकांना शाप देणारे म्हणून रंगवण्यात खऱ्या रोमा समाजाची बदनामी होते, हे 2020 मध्ये प्रकाशकांनी मान्य केलं आणि ते चित्रण बदलायला घेतलं. बरं झालं.

आता शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसलं की कॉलेजातली मुलं एकमेकांना कॅम्पेनमधले किस्से सांगताना कानावर येतं. त्यांचे किल्ले स्कॉटलंडातले असतात, शाप देणाऱ्या चेटकिणी जर्मन रानातल्या. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पुढचा शाप रचण्याआधी अलिबागजवळ अक्षीला जाऊन तिथला गधेगाळ शिलालेख बघून या, नहुषाला अजगर करणारा अगस्तीचा शाप आणि युधिष्ठिराने दिलेली उत्तरं वाचा, आणि खेळाडूला शाप ऐकवण्याआधी त्यातून सुटण्याची अट आपल्या वहीत लिहून ठेवा. तुमच्यातल्या कोणी या सगळ्याचं मराठीत पुस्तक केलं, तर त्यासाठी माझ्या सगळ्या वह्या मी द्यायला तयार आहे.