देवी गेल्या, करोना जाईल का?

तुमच्या आजोबांच्या किंवा आजीच्या दंडावर एक वाटोळा, खोलगट व्रण तुम्ही पाहिला असेल. तो देवी काढल्याचा व्रण होय. माझ्याही दंडावर तो आहे. तुमच्या दंडावर मात्र तो नाही, कारण ज्या रोगासाठी ती लस टोचीत असत, तो रोगच आता पृथ्वीच्या पाठीवर उरलेला नाही. विसाव्या शतकात देवीच्या रोगाने सुमारे तीस कोटी माणसे दगावली, असा अंदाज आहे. जे वाचत, त्यांचे चेहरे वणांनी भरून जात. कित्येकांची दृष्टी जाई. हा देवीचा कोप आहे, अशी लोकांची समजूत होती आणि त्या समजुतीवरूनच रोगाला हे नाव पडले. अखेर ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले.

पुढे २०२० साली करोनाची साथ जगभर पसरली. तेव्हापासून एक प्रश्न वारंवार विचारला जातो : देवीप्रमाणे करोनालाही कायमचे हद्दपार करता येईल काय? “नाही, कारण तो विषाणू सारखा रूप बदलतो,” असे उत्तर पुष्कळ लोक देतात. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अर्धेच आहे.

विषाणू रूप बदलतो म्हणजे काय, ते आधी पाहू. विषाणू स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही. तो आपल्या शरीरातील पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच स्वतःच्या असंख्य प्रती करवून घेतो. त्याच्या घडणीचा सारा मजकूर त्याच्या पोटात असतो. करोनाचा हा मजकूर सुमारे तीस हजार अक्षरांचा आहे. छापखाने नव्हते, तेव्हा आपल्याकडे पोथ्या हाताने उतरून घेत असत. उतरून घेणारा कितीही दक्ष असला, तरी कोठे काना सुटे, कोठे शब्द बदले. आणि त्या चुकीच्या प्रतीवरून पुढची प्रत होई. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत तीनशे वर्षांत इतके अपपाठ शिरले की, शके १५०६ मध्ये संत एकनाथांना तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. विषाणूच्या मजकुरातही अशाच चुका होतात. अशा बदलाला उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेक चुका विषाणूच्या काहीच कामाच्या नसतात. काही तर त्याचाच नाश करतात. परंतु लाखांत एखादी चूक त्याच्या पथ्यावर पडते.

इन्फ्लुएंझाच्या विषाणूजवळ चुका तपासण्याची सोय नाही. म्हणून तो झपाट्याने बदलतो. करोनाजवळ तशी थोडी सोय आहे. तरीही तो इतका बदलला, कारण त्याच्या प्रती करणारी घरे कोट्यवधी होती! प्रत्येक रोग्याच्या शरीरात त्याचा नकलनवीस रात्रंदिवस बसलेला होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिका व बोट्सवाना ह्या देशांत ‘ओमिक्रॉन’ नावाचे त्याचे रूप आढळले. ज्या काट्यांवरून आपल्या शरीराचे रक्षक करोनाला ओळखतात, त्या काट्यांत तीसहून अधिक बदल झालेले होते. वेष पालटलेला चोर पहारेकऱ्याला ओळखू येऊ नये, तसेच हे झाले.

पण मग गोवराचे काय? गोवराच्या विषाणूकडूनही नकला करताना भरपूर चुका होतात. तरीही त्याची लस १९६३ साली प्रथम वापरात आली, तेव्हा ज्या मूळ विषाणूपासून ती केली होती, त्याच्याच वंशातील लस आजही टोचली जाते आणि ती उत्तम काम देते. ह्याचे कारण असे की, ज्या भागाच्या आधारे गोवराचा विषाणू पेशीला चिकटतो, तो भाग त्याला बदलता येत नाही. किल्लीचे दाते बदलले, तर कुलूप कसे उघडणार?

ह्याहून नवलाची गोष्ट करोनाच्या एका जवळच्या नातलगाची आहे. ‘सार्स’ नावाचा हा रोग २००२ च्या अखेरीस चीनमध्ये उद्भवला आणि अनेक देशांत पोहोचला. आठ हजारांवर लोकांना त्याची लागण झाली. त्यावर लस नव्हती. तरीसुद्धा जुलै २००३ पर्यंत ती साथ थांबविण्यात आली. सार्सचा रोगी आधी तापाने अंथरुणाला खिळे आणि मग त्याच्यापासून इतरांना लागण होई. त्यामुळे त्याला वेळीच वेगळे ठेवता आले. करोना झालेला मनुष्य मात्र खोकला येण्यापूर्वीच, हसतखेळत फिरत असताना, दुसऱ्याला रोग देतो. काहींना तर आपणास रोग झाला होता, हे कधी कळतही नाही.

देवीचा रोगी लपत नसे. त्याचा चेहराच सर्व सांगे. आपल्या देशात आरोग्यसेवक देवी आलेल्या मुलाचे चित्र हाती घेऊन घरोघर, बाजारोबाजार विचारीत हिंडले. रोगी दाखविणाऱ्यास बक्षीस होते. १९७५ साली ते एक हजार रुपये झाले. रोगी सापडला की, त्याच्या भोवतालच्या सर्वांना लस टोचीत. मग विषाणूला जायला जागाच उरत नसे. एकदा देवी येऊन गेल्या किंवा लस घेतली की, पुढे अनेक वर्षे त्या माणसाला भय राहत नसे. शिवाय हा रोग केवळ माणसाचा होता. रानात किंवा गोठ्यात त्याला आश्रय नव्हता. देवीची शेवटची नैसर्गिक लागण १९७७ साली सोमालियातील अली माओ मालिन ह्या रुग्णालयातील स्वयंपाक्याला झाली. तो बरा झाला. पुढे पोलिओच्या लसीसाठी लोकांची समजूत घालीत तो गावोगाव हिंडला.

करोनाची गोष्ट ह्या प्रत्येक बाबतीत उलटी आहे. त्याविरुद्धची शक्ती काही महिन्यांत ओसरू लागते. डेन्मार्कमधील मिंक आणि अमेरिकेतील रानटी हरणे ह्यांच्यातही तो शिरलेला आढळला. रानातल्या प्रत्येक हरणाला लस कोण टोचणार? म्हणून त्याचा समूळ नाश होईल, अशी आशा शास्त्रज्ञ तूर्त धरीत नाहीत.

पण समूळ नाश होत नाही, म्हणून हात टेकावे लागतात असे नव्हे. १९१८ साली इन्फ्लुएंझाची जी साथ आली, तिला आपल्याकडे ‘मानमोडी’ म्हणत. एकट्या हिंदुस्थानात तिने एक कोटीहून अधिक बळी घेतले. त्या विषाणूचे वंशज आजही आपल्यांत आहेत. परंतु आपल्या शरीरांना त्यांची थोडीबहुत ओळख झालेली असल्याने ते तसा संहार करू शकत नाहीत. करोनाच्या लसीही लागण पूर्णपणे टाळत नसल्या, तरी रोगाचे उग्र रूप आणि मृत्यू पुष्कळ अंशी टाळतात. आणि रोगी जितके थोडे, तितक्या नकला थोड्या; नकला थोड्या, तितके नवे वेषही थोडे.

इन्फ्लुएंझावर तर जगाची नजर अखंड असते. देशोदेशींच्या प्रयोगशाळा रोग्यांच्या घशातील नमुने तपासून विषाणूचा नवा वेष टिपून ठेवतात. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था हेच काम करते. मग वर्षातून दोनदा, एकदा उत्तर गोलार्धासाठी आणि एकदा दक्षिण गोलार्धासाठी, तज्ज्ञ मंडळी एकत्र बसतात आणि पुढच्या हंगामाची लस कोणत्या रूपावर करावयाची, ते ठरवितात. कधी त्यांचा अंदाज बरोबर येतो, कधी थोडा चुकतो. आणि सहा महिन्यांनी ती पुन्हा बसतात.