खाड्यामागचा दाह

सरकी-रुईच्या कामात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना ‘खाडा’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गैरहजेरीचा दिवस म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे बुडालेली मजुरी. खामगाव-मलकापूरकडे कामगारांची गाऱ्हाणी घेऊन फिरताना जिनिंगमधल्या एका बाईचे हजेरीकार्ड माझ्या हाती आले. दर महिन्याला दोन-तीन खाडे, तेही जवळजवळ ठराविक अंतराने. मुकादम म्हणाला, “सोंग आहे, भाऊ.” मी वैद्य नव्हे, शाळाही अर्ध्यावर सुटलेली, परंतु त्या सोंगाचा छडा लावावा म्हणून पुस्तके उघडली.

विकाराचे नाव एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाला आतून अस्तर असते, पाळीच्या वेळी ते गळून पडते. या विकारात तसेच अस्तर गर्भाशयाच्या बाहेर, बीजकोशावर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, क्वचित आतड्यावरही घर करते. पाळीचे काही रक्त नळ्यांतून उलटे पोटात उतरते व त्याबरोबर अस्तराचे कण जातात, असा खुलासा सॅम्पसन या अमेरिकन डॉक्टरने १९२७ साली मांडला. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. असे उलटे रक्त बहुतेक स्त्रियांत थोडेफार जातेच. विकार मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दहांत एकीला होतो. मग त्या एकीच्याच पोटात कण रुजतात कसे?

येथे विकरांचे काम येते. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, कारण लाळेतला विकर पिठाची साखर करतो. कच्च्या पपईच्या चिकाने मटण मऊ पडते तेही विकरामुळेच. तो मांसातील प्रथिने तोडतो. वाट चुकलेल्या अस्तरातही असे तोडणारे विकर वाढलेले आढळतात. ते पडद्याचा पोत कातरतात आणि कणांना मूळ धरायला जागा मिळते.

मग शरीराचे पहारेकरी, म्हणजे श्वेतपेशी, तिकडे धावतात. त्यांनी हे कण साफ करावेत. पण येथे त्या धड साफही करत नाहीत आणि स्वस्थही बसत नाहीत. रासायनिक निरोप धाडून आणखी पेशी गोळा करतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात. जखमेला सूज आणि ठणका आणणारा दाह तो हाच, फक्त हा मिटत नाही. त्यात सायक्लोऑक्सिजनेज-२ नावाचा विकर प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य तयार करतो. त्याने मज्जातंतू हळवे होतात, गर्भाशय आवळते, बाई कळवळते. एवढ्यावर थांबते तरी बरे! पण हेच द्रव्य अ‍ॅरोमॅटेज या दुसऱ्या विकराला चेतवते, आणि तो त्या चुकार अस्तरातच इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक बनवू लागतो. इस्ट्रोजेनने अस्तर वाढते आणि पहिला विकर पुन्हा जोर धरतो. रहाटगाडग्याचे एक पोहरे रिकामे होते तोच दुसरे भरून वर येते.

अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले; १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. त्या जातीच्या गोळ्यांनी कळ कमी होते, रहाट मात्र थांबत नाही. संप्रेरकांच्या गोळ्यांनी तो मंदावतो. (दोन्ही डॉक्टरांना विचारूनच, किराणा दुकानातून नव्हे.)

आपल्याकडे मात्र एकच सल्ला झटकन मिळतो: पिशवी काढून टाका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या अशा शस्त्रक्रिया इतक्या गाजल्या की २०१९ साली शासनाला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. त्या सगळ्यांना हाच विकार होता असे मी म्हणत नाही. पण तेथेही शब्द तोच, खाडा. आणि मुकादमाकडून त्याचा दंड. ज्या विकाराचे मूळ पिशवीबाहेर बसले आहे, तो नुसती पिशवी काढल्याने जाईलच असे नाही. काहींना शस्त्रक्रियेने आराम पडतो, तो बाहेरचे डागही नीट काढले तर, आणि तरीही दुखणे परतू शकते.

मुंबईत परळला, गिरणगावात, केंद्र सरकारची प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्था आहे. तेथे या विकारावर काम चालते. निदानाला कित्येक वर्षे लागतात, कारण साध्या सोनोग्राफीत लहान डाग दिसत नाहीत आणि ‘पाळीत दुखायचेच’ असे घरचेही म्हणतात.

आमची ती बाई शेवटी मोठ्या दवाखान्यात गेली तेव्हा कागद म्हणून तिच्याजवळ काही नव्हते. ते हजेरीकार्डच तिने डॉक्टरीणबाईंपुढे ठेवले. बाईंनी खाड्यांच्या तारखा एकेक करून वहीत उतरवून घेतल्या.