पेन्शनचा दिवस आणि आकड्याचा नाद

"डॉक्टरसाहेब, मले फक्त झोपेची गोळी द्या." समोर बसलेले गृहस्थ फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. वय पंचेचाळीसच्या आत, रक्तदाब वाढलेला, वजन उतरलेले. दारूचे व्यसन नाही. दुसऱ्या खेपेस पत्नी सोबत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पेन्शन झाली का हे रातीपर्यंत घरी येत नाहीत." मी गोळी लिहिण्याचे थांबवले आणि सट्टापट्टीबद्दल विचारले. ते बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिले.

आपल्या वऱ्हाडाला आकडा नवा नाही. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडत्या आणि बंद भावांवर मुंबईत पैज लागे, त्यातूनच हा जुगार निघाला. पुढे मटक्यातून आकडे काढू लागले, तरी 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द टिकले. कापूस पिकवणाऱ्या मुलखाला कापसाच्याच भावाने हा नाद लावावा, हा दैवाचा विचित्र खेळ! आता पानटपरीची जागा मोबाइलने घेतली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा केला. पण कायद्याने मनातली ओढ जात नाही.

ही ओढ म्हणजे निव्वळ लोभ नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत जुगाराच्या विकाराची नोंद आहे. कधीतरी, अवचित मिळणाऱ्या बक्षिसाची मेंदूला चटक लागते. आकडा एका घराने हुकला तरी 'थोडक्यात गेला' असे वाटून माणूस पुन्हा लावतो. मग गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी खेळणे सुरू होते. माझ्या मते खरा आजार तिथून जडतो.

सैनिकच का? पुष्कळ जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतात. पहाटेच्या बिगुलापासून रात्रीच्या हजेरीपर्यंत बांधलेला दिवस एकदम मोकळा होतो. सोबती पांगलेले, घरात मुले बापाला पाहुण्यासारखी पाहतात. कुणाच्या डोळ्यांसमोर सीमेवरचे प्रसंग रात्री उभे राहतात. खेळताना तेवढा वेळ सारे विसरते, शिवाय जुनी धडधड पुन्हा अनुभवता येते. अमेरिका व ब्रिटनमधील पाहण्यांतही माजी सैनिकांत हा विकार इतरांपेक्षा जास्त आढळला आहे.

सर्वांत मोठा धोका कर्जाचा वाटतो, पण मला भीती असते ती आत्महत्येची. कर्ज लपवणारा, अबोल झालेला माणूस 'मी नसलो तर बरे' असे म्हणू लागला, तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा. विचारल्याने तसा विचार डोक्यात घातला जात नाही.

घरच्यांना दोन गोष्टी सांगतो. सगळे कर्ज गुपचूप फेडून टाकू नका. त्याने पुढच्या डावाला वाट मोकळी होते. आणि पेन्शनच्या खात्याचा व्यवहार काही महिने, त्यांच्या संमतीने, पत्नीकडे ठेवा. उपचारात समुपदेशन मुख्य. सोबत उदासी असेल तर औषधे लागतात. अमरावतीचे इर्विन, अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय किंवा माजी सैनिकांचे ई.सी.एच.एस. पॉलिक्लिनिक येथून सुरुवात करता येते. १४४१६ या 'टेली मानस' क्रमांकावर रात्रीबेरात्रीही मोफत बोलता येते.

आमचे हवालदारसाहेब दोनदा घसरले. आता पेन्शनच्या दिवशी दोघे मिळून बँकेत जातात आणि परतताना माझ्याकडे रक्तदाब मोजून घेतात.