धूळ, धूर आणि बाष्प

हवा दूषित झाली, असे आपण सहज म्हणतो; परंतु तीत मिसळलेला पदार्थ घन, द्रव की वायुरूप, याची चौकशी क्वचितच करतो, आणि त्याचा उपद्रव व त्यावरील इलाज या दोहोंचा निर्णय पुष्कळदा त्या रूपावरच होत असतो.

दगड फोडताना किंवा धान्य दळताना घन पदार्थाचे तुकडे होऊन उडते ती धूळ. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन, या मापाने पाहता 100 मायक्रॉन व्यासाचा कण एक मीटर अंतर चार-पाच सेकंदांत उतरतो, 10 मायक्रॉनच्या कणाला पाच-सहा मिनिटे लागतात, आणि 1 मायक्रॉनचा कण हवा अगदी निश्चल असली तरी सुमारे आठ तास तरंगत राहतो. डोळ्यांत जाणारी जाड धूळ नाका-घशातच अडते. खाणकामगाराच्या फुप्फुसांचा घास घेणारी सिलिकाची धूळ मात्र या अदृश्य कणांचीच असते. धातूची वाफ हवेत थिजून होणारे कण याहूनही बारीक. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे वेल्डिंग करणाऱ्याला काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो, तो त्यांच्यापायी.

घन, द्रव आणि वायू ही तिन्ही रूपे एकत्र आली म्हणजे काय अनर्थ होतो, हे लंडनने 5 ते 9 डिसेंबर 1952 या दिवसांत भोगले. थंड, स्तब्ध हवेवर उष्ण हवेचा थर बसला आणि घरोघरच्या शेगड्यांचा व कारखान्यांचा धूर खालीच कोंडला. काजळी घन, धुक्याचे थेंब द्रव आणि कोळशातील गंधकापासून झालेला सल्फर डायॉक्साइड वायू. एरवी हा वायू बहुतांशी नाकाच्या ओलाव्यातच विरघळतो. येथे तो धुक्याच्या थेंबांत मुरून गंधकाम्ल झाला आणि त्या सूक्ष्म थेंबांबरोबर छातीत खोलवर उतरला. मृतांचा तत्कालीन अंदाज सुमारे 4,000 होता. पुढील अभ्यासकांनी तो कितीतरी वाढवला. 1956 साली इंग्लंडात स्वच्छ हवेचा कायदा झाला, त्यामागे हीच शोकांतिका होती.

इलाजही या रूपांप्रमाणे बदलतो. तोंडाला बांधलेले फडके जाड धूळ काहीशी अडवते, दाट तंतूंचा मुखवटा बारीक कणही धरतो. वायू मात्र दोहोंतून बिनदिक्कत पार होतो. पुष्कळशा सेंद्रिय बाष्पांना सक्रिय कोळसा शोषून घेतो, पण बंद खोलीतल्या शेगडीतून निघणाऱ्या, ना रंग ना वास असलेल्या कार्बन मोनॉक्साइडपुढे तोही हतबल ठरतो; तेथे खिडक्या सताड उघडून माणसांना तत्काळ मोकळ्या हवेत न्यावे लागते.