एका पंगतीत वाढलेली शाळा

साताऱ्यात 1940 साली महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. फी नाही, राहण्याची सोय शाळेकडे, आणि जेवणाखाण्याचा भार विद्यार्थ्यांनी स्वतःच्या श्रमाने उचलायचा, अशी त्याची रचना होती. अशा प्रकारचे हे देशातले पहिले हायस्कूल मानले जाते. ते काढणाऱ्या रयत शिक्षण संस्थेच्या आज चारशेहून अधिक माध्यमिक शाळा आहेत. त्यांतल्या बहुतेक खेड्यांत आणि तालुक्याच्या गावी आहेत. या शाळांची मूल्ये कोणती हे पाहायचे तर आधी त्यांचे वसतिगृह पाहावे लागते, कारण रयतमध्ये वसतिगृह आधी आले आणि हायस्कूल कितीतरी वर्षांनी.

संस्थेचे संस्थापक भाऊराव पाटील यांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. कोल्हापुरात शिकताना ते जैन बोर्डिंगमध्ये राहत. अस्पृश्य मुलांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर अंघोळ करून शुद्ध व्हायला त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. शाहू महाराजांचे कोल्हापूर, सत्यशोधक समाजाचे विचार आणि हा अनुभव यांतून त्यांची दृष्टी घडली. शिक्षणात अडसर गरिबीचा आहे तसाच जातीचाही आहे, आणि दोन्ही एकाच वेळी दूर करायला हवेत, हे त्यांनी ओळखले.

त्या काळी खेड्यातल्या मुलाचे शिक्षण मराठी सातवीपर्यंत, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत झाले तरी पुष्कळ समजत. पुढची इंग्रजी शाळा शहरात. तिथे राहायचे कुठे आणि खायचे काय? वार लावून जेवण्याची रीत होती, पण ती मोजक्या जातींच्या मुलांसाठी. कुणब्याच्या, धनगराच्या, महारामांगाच्या मुलाला शहरात दार उघडणारे घर मिळत नसे. म्हणून 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले काम होते मुलांना राहायला आणि जेवायला जागा देणे. 1924 मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्याला आले. तिथल्या वसतिगृहाला 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव देण्यात आले.

या बोर्डिंगात सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहत आणि एका पंगतीत जेवत. स्वयंपाक, पाणी भरणे, झाडलोट, भांडी ही कामे पाळीपाळीने सगळ्यांनाच करावी लागत. कोणते काम कोणत्या जातीचे, हा प्रश्न त्या पाळीतच निकालात निघे. गावोगावच्या परिषदांमध्ये समतेचे ठराव तेव्हाही होत होते. पण महाराच्या मुलाने केलेली भाकरी मराठ्याच्या मुलाने खाणे ही ठरावाच्या कितीतरी पुढची गोष्ट होती, आणि ती इथे रोज दोन वेळा घडत होती. रयतने दिलेली सर्वांत मोलाची शिकवण कोणती, असे विचारले तर तिचे उत्तर या स्वयंपाकघरात आहे.

संस्थेच्या ध्येयांमध्ये मागास वर्गांत शिक्षणाची आवड निर्माण करणे, गरीब मुलांना मोफत शिक्षण देणे, भिन्न जातिधर्मांच्या मुलांत आपुलकी वाढवणे, अन्यायी रूढींना फाटा देणे आणि काटकसर व स्वावलंबन अंगी बाणवणे यांचा समावेश होता. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे तिचे बोधवाक्य, आणि वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह. या स्वावलंबनाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. मुलाने आपले आपण पाहावे, संस्थेची जबाबदारी संपली, असा तो नव्हता. जमीन, बी-बियाणे, राहण्याची जागा आणि शिक्षक यांची तजवीज संस्था करी. मुले माळ फोडीत, शेती करीत, इमारतींसाठी दगडमाती वाहत. आपण दानावर जगत नाही ही भावना त्यातून मुलांत रुजली. ‘कमवा आणि शिका’ या नावाने ही पद्धत पुढे महाराष्ट्रभर पोहोचली, अनेक महाविद्यालयांनी आणि विद्यापीठांनीही ती उचलली.

पण श्रमातून सगळा खर्च निघत नसे. तो समाजाने उचलला. गावोगावच्या बायका दळताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत आणि ते वसतिगृहाला जाई. हाच तो मुष्टिफंड. श्रीमंत देणगीदारावर विसंबणाऱ्या संस्थेला त्याच्या मर्जीनुसार वागावे लागते. शेकडो घरांतून मूठमूठ धान्य येत असेल तर शाळा त्या सगळ्या घरांची होते. घरचा त्याग तर याहून मोठा होता. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रही ठेवले नाही. 1930 मध्ये त्यांचे निधन झाले. त्या गेल्या तरी वसतिगृहाची चूल थांबली नाही.

विद्यार्थ्यांची सोय लागली की शिक्षक कुठून आणायचे हा प्रश्न येतो. खेड्यात जाऊन राहील असा शिक्षक शहरातून मिळणे अवघड होते. संस्थेने 1935 मध्ये साताऱ्यात शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज काढले. त्यामुळे एक साखळी तयार झाली. बोर्डिंगात वाढलेला मुलगा शिकून शिक्षक होई आणि आपल्यासारख्याच मुलांना शिकवायला दुसऱ्या गावी जाई. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे याचे ठळक उदाहरण. संस्थेच्या आधाराने शिकलेला हा विद्यार्थी इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन परतला तो संस्थेच्याच कामात आला, आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला.

रयतमध्ये मुख्याध्यापकापासून शिपायापर्यंत प्रत्येक जण ‘सेवक’. ज्यांनी सारे आयुष्य संस्थेला दिले ते आजीव सेवक. त्यांच्या कसोटीची वेळ 1948 नंतर आली. सरकारशी झालेल्या मतभेदांतून संस्थेचे अनुदान बंद झाले, पगाराला पैसे उरले नाहीत, तरी शिक्षकांनी वर्ग बंद पडू दिले नाहीत. लोकांनी वर्गणी काढून त्यांना साथ दिली आणि कालांतराने अनुदान पुन्हा सुरू झाले. या निष्ठेचे कौतुक व्हायलाच हवे, पण बिनपगारी शिक्षकाच्या घरची चूल त्या दिवसांत कशी पेटत असेल, हेही विसरता कामा नये. शिक्षकाच्या त्यागावर शाळा काही महिने तगते, कायमची चालत नाही.

ही जाणीव संस्थेलाही होती. लक्ष्मीबाईंच्या नावाने सेवकांची सहकारी पतपेढी उभी राहिली आणि तिच्यातूनच आजची रयत सेवक बँक वाढली. घरबांधणी, आजारपण, मुलांचे शिक्षण यांसाठी सेवकाने सावकाराच्या दारात जाऊ नये, हा तिचा हेतू. रयतच्या शिक्षकाची बदली एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात होऊ शकते, अनोळखी गावी बिऱ्हाड हलवावे लागते. अशा वेळी आपल्याच माणसांनी चालवलेल्या बँकेचा आधार मोठा असतो. अनुदानित शाळांतल्या कर्मचाऱ्यांचे वेतन आता शासन देते. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींसाठी 1977 चा अधिनियम आणि 1981 ची नियमावली असल्याने नोकरीलाही कायद्याचे संरक्षण आहे.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र कायद्याचा हात अजून तोकडा आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने 6 ते 14 वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा अधिकार दिला, तो आठवीपर्यंतचा. नववी-दहावी, म्हणजे शाळा सुटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो ती वर्षे, त्याच्या बाहेर राहिली. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातल्या, डोंगरातल्या वाडीवरच्या किंवा लग्नाच्या घाईत सापडलेल्या मुलीला या दोन वर्षांत फीमाफीपेक्षा राहण्याची सुरक्षित जागा आणि दोन वेळचे जेवण अधिक उपयोगी पडते. 9 मे 1959 रोजी भाऊरावांचे निधन झाले. वर्गाच्या आधी वसतिगृह हा त्यांनी घालून दिलेला क्रम या मुलींसाठी आजही तसाच लागू आहे, आणि जिथे हायस्कूलला जोडून वसतिगृह चालते तिथे तो पाळलाही जातो.