श्वास चालू असताना गुदमरणं

मागच्या भागात आपण गळफास आणि गळा दाबणं यांतला फरक पाहिला. आज असं गुदमरणं पाहू, ज्यात गळ्यावर खूण नसते, नाक-तोंड मोकळं असतं आणि श्वासही चालू असतो.

बंद न्हाणीघरातला गॅस गीझर किंवा दिल्लीकडच्या थंडीत खोलीत ठेवलेली कोळशाची अंगीठी. हवा अपुरी पडली की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट धरून ठेवतं.

मृत्यूनंतर रक्त शरीराच्या खालच्या बाजूला साकळतं. तिथे एरवी निळसर-जांभळा रंग दिसतो. इथे तो चेरीसारखा लाल असतो. "झोपल्यासारखाच दिसतोय हो, डॉक्टर," असं नातेवाईक म्हणतात, तेव्हा मला उत्तर सुचत नाही. पण नुसत्या रंगावर मी निकाल देत नाही. सायनाइडने लाली येते, प्रेत शीतपेटीत ठेवल्यानेही येते. रक्तातलं कार्बॉक्सीहिमोग्लोबिन तपासावंच लागतं.

सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं. लोक पित्त समजून पडून राहतात. अहो, एकाच खोलीतल्या तिघांना एकदम पित्त कसं होईल? लगेच बाहेर मोकळ्या हवेत या, दवाखाना गाठा आणि शेगडी किंवा गीझर चालू होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. कारण बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथे फसतो. आकडा चांगलाच दाखवतो.