लाल शाईतलं फूल

जपानी शाळेत तपासलेली वही पहिल्यांदा हाती घेणारा मराठी पालक हमखास फसतो. आपण बरोबर उत्तरापुढे जी खूण करतो, तीच तिथे चुकलेल्या उत्तरापुढे असते. बरोबर उत्तराला गोल, अर्धवट बरोबर असेल तर त्रिकोण. एका आईनं लेकीच्या वहीतल्या 'बरोबर'च्या खुणा मोजून तिला शाबासकी दिली आणि लेक रडवेली झाली, हा किस्सा तिथल्या मराठी घरांतून मी दोनतीनदा ऐकला. प्रत्येक वेळी आई वेगळी होती.

या गोलाच्या वरची पायरी म्हणजे 'हानामारु'. हाना म्हणजे फूल, मारु म्हणजे गोल. शिक्षक लाल पेनानं मधोमध गिरकी घेत गोल काढतात आणि भोवती पाकळ्या ओढतात. फारच खूश झाले तर खाली देठ, दोन पानं, क्वचित कुंडीसुद्धा. या फुलाला गुण नसतात, ते कशाच्या बदल्यात मिळवायचं नसतं, ते जमवून वस्तूही मिळत नाही. तरीही आठ वर्षांचं मूल त्यासाठी वही छातीशी धरून रांगेत उभं राहतं. लहान मुलांना बक्षीस देऊन शिकवावं की नाही, या जुन्या वादाकडे मी या फुलाच्या बाजूनं पाहायला लागले.

मी तिथे प्राथमिक शाळेत सहायक इंग्रजी शिक्षिका होते. परदेशी तरुणांना शाळांमध्ये आणणारी जपान सरकारची 'जेट' योजना १९८७ साली सुरू झाली. २०११ पासून पाचवी-सहावीला इंग्रजीचे उपक्रम सक्तीचे झाले. २०२० पासून ते तिसरी-चौथीत उतरले आणि वरच्या दोन वर्गांत इंग्रजी हा रीतसर विषय झाला. त्यामुळे गावोगावच्या शाळांना आमच्यासारखे सहायक लागू लागले, आणि या सहायकांच्या पिशवीत एक वस्तू हटकून सापडते : स्टिकरांची चळत. कारण सरळ आहे. वर्गाची भाषा तुम्हाला पुरती येत नाही आणि तुमची वर्गाला येत नाही. रागावणं, समजावणं, गंमत करणं, सगळ्याला भाषा लागते. चमकत्या चांदणीला लागत नाही.

या चांदणीवर आक्षेप घेणारा सर्वांत गाजलेला प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली, मुळातच चित्रं काढायला आवडणारी तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र नंतर अचानक दिलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. एकदोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात तेच रंगीत पेन पुन्हा समोर ठेवले. कबूल केलेल्या बक्षिसासाठी चित्रं काढलेली मुलं आता इतरांच्या सुमारे निम्माच वेळ त्या पेनांजवळ रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं मात्र काही बिघडलं नव्हतं. म्हणजे दोष चांदणीचा नव्हता, आधी ठरलेल्या सौद्याचा होता.

हा प्रयोग सांगून अनेक जण थांबतात, आणि तिथेच माझा त्यांच्याशी मतभेद आहे. ती मुलं मुळात चित्रांत रमणारी होती. ज्याला इंग्रजीचा ओ की ठो कळत नाही आणि चारचौघांत तोंड उघडायची लाज वाटते, त्या मुलाची गोडी मारली जाईल कशी? ती अजून जन्मालाच आलेली नाही. एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी १९९९ साली अशा १२८ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हाही चित्र असंच मिश्र निघालं. आधी कबूल केलेली वस्तुरूप बक्षिसं गोडी कमी करतात, लहान मुलांची अधिकच. तोंडी कौतुक तसं करत नाही. पहिलं वाक्य बोलवून घ्यायला चांदणी चालेल. चाळिसाव्या वाक्यालाही तीच लागत असेल तर काहीतरी चुकतंय.

प्रयोगशाळेत न दिसणारी अडचण मला वर्गात दिसली. जपानी वर्ग पाचसहा मुलांच्या 'हान' म्हणजे गटांत विभागलेला असतो. परदेशी सहायकाला गटवार गुण देणं सोपं वाटतं, मुलंही चेकाळतात. पण गटाच्या बेरजेत अडखळणारं मूल उघडं पडतं. चौथीतला एक मुलगा आपली पाळी आली की बुटांचे बंद बांधायला खाली वाकायचा. तिथे शाळेत घालायच्या बुटांना बंद नसतात. त्याला कोणी काही बोलत नव्हतं. उरलेले चौघे नुसते फळ्यावरच्या आकड्यांकडे बघायचे. बक्षीस न मिळण्याचं ओझं त्या एकट्याच्या खांद्यावर होतं. गटाचे गुण पुसून टाकावेत, असं वर्गशिक्षिका आणि मी त्याच आठवड्यात ठरवलं.

तिच्याकडे रबरी शिक्क्यांचा डबा होता. हे शिक्के जपानभर मिळतात : 'फार छान केलंस', 'छान केलंस', आणि खालच्या पायरीला 'आणखी प्रयत्न करू या'. यांत 'हुशार' हा शब्द कुठे नाही. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली दाखवून दिलं, की बुद्धीचं कौतुक झालेली मुलं पुढचं कठीण काम बिघडल्यावर लवकर खचतात, आणि आपले गुण वाढवून सांगण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त असतं; मेहनतीचं कौतुक झालेली तग धरतात. आपल्या घरांत 'हुशार आहे हो पोरगी' हे पाहुण्यांसमोर म्हणायचं वाक्यच आहे, म्हणून हे शिक्के मला जास्त जाणवले.

उन्हाळ्याच्या सुट्टीतली रेडिओ-कवायतही याच जातीची. सकाळी साडेसहाच्या प्रसारणाला मुलं गळ्यात कार्ड अडकवून मैदानात येतात आणि कवायत संपली की त्यावर शिक्का मारून घेतात. हात किती उंच गेला, हे कोणी बघत नाही. आलास, शिक्का घे. वर्गाची झाडलोट मात्र मुलं रोज स्वतः करतात, आणि तिला शिक्काही नाही.

गटाच्या गुणांऐवजी आम्ही तिथे रुळलेली पद्धत इंग्रजीच्या तासाला लावली : काचेची एकच बरणी, साऱ्या वर्गाची. कोणी चांगलं काही केलं की तिच्यात एक गोटी पडते. बरणी भरली की एक तास खेळाचा. गोटी कधी पडणार, हे आधी सांगायचं नाही. आणि ती कोणामुळे पडावी, हे दिवस संपताना भरणाऱ्या छोट्या सभेत मुलांनीच सुचवायचं. तिथे मला कळलं की मुलांची नजर आमच्यापेक्षा बारीक असते. उच्चार कोणाचा शुद्ध होता, हे त्यांनी फारसं सांगितलं नाही. कोणी पेन्सिल उसनी दिली, कोण दुसऱ्याच्या पाळीला हसलं नाही, असलं सांगितलं. नोव्हेंबरात त्या मुलाच्या गटातली एक मुलगी उठली आणि म्हणाली, आज तो खाली वाकला नाही. वर्गशिक्षिकेनं बरणी त्याच्याकडे सरकवली. त्यानं गोटी आत टाकली नाही, बरणी तिरकी करून आवाज न होऊ देता अलगद सोडली.